अंगावरून वारे जाण्यापूर्वी

आमच्या किनारपट्टीवरील गावांत एक जुना शब्दप्रयोग आहे. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठू शकला नाही, त्याचे तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात व पाय लुळा पडला, की घरची माणसे म्हणत, ‘अंगावरून वारे गेले.’ वारे कोठून आले व त्याच माणसावरून का गेले, हे सहसा कोणी विचारीत नसे. वाऱ्याला कोण अडवणार? मग तेलाचे मालीश होई, शेजारीपाजारी येऊन बसत, आणि घराचा कर्ता पुरुष ओटीवरच्या खाटेला कायमचा खिळून राही.

आमच्या वाडीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांची आठवण या संदर्भात आम्हांला नेहमी होते. गावचे सारेजण त्यांना बाबा म्हणत. कशाच्या तरी निमित्ताने ते दवाखान्यात गेले असता त्यांचा रक्तदाब बराच वाढल्याचे आढळले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. बाबांनी त्या दोन महिने नेमाने घेतल्या. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती. विहिरीवरून पाणी आणणे, वाडीला शिंपणे सर्व सुरळीत चालू होते. ‘बरे वाटते आहे, मग उगाच औषध कशाला?’ असे म्हणून त्यांनी गोळ्या थांबविल्या. पुढे दीड वर्षाने त्यांच्या अंगावरून वारे गेले. त्या दीड वर्षात ‘बाबा, गोळी घेता ना?’ असे विचारायला त्यांच्या दारात कोणीही आले नव्हते.

औषध होते, डॉक्टर होते, दवाखानाही होता; मग उणे कशाचे होते? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा आम्हांला शंभराहून अधिक वर्षांचा एक इतिहास धुंडाळावा लागला. त्याचे धागे इटलीपासून मुंबईपर्यंत आणि जामखेडपासून गडचिरोलीपर्यंत पसरले आहेत.

रक्ताचा दाब मोजण्याचा दंडाला बांधायचा पट्टा इटलीतील तुरीन शहरी शिपिओने रिवा-रोच्ची या डॉक्टरांनी १८९६ साली प्रसिद्धीस आणला. १९०५ मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह या शल्यचिकित्सकाने त्या पट्ट्याखालच्या धमनीवर नळी ठेवून आवाज ऐकण्याची रीत सांगितली, आणि वरचा व खालचा असे दोन्ही आकडे कळू लागले. आकडे कळले, तरी त्यांचे करायचे काय, हे वैद्यकाला पुढे कित्येक वर्षे उमगले नव्हते. वयोमानाने दाब वाढायचाच, किंबहुना अवयवांना रक्त पोहोचावे म्हणून तो वाढलेलाच बरा, अशी अनेक नामवंत डॉक्टरांची समजूत होती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या दिमतीला त्या देशातील उत्तमोत्तम डॉक्टर होते. तरीही १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते कोसळले, तेव्हा त्यांचा वरचा दाब ३०० वर पोहोचला होता. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाच्याही अंगावरून वारेच गेले, असे म्हणायचे. गुणकारी व पेलवेल असे औषधच तेव्हा नव्हते.

ते औषध पुढे आणण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. सर्पगंधा नावाचे लहानसे झुडूप आपल्या वैद्यांना शतकानुशतके परिचयाचे होते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबावर या मुळीचा पद्धतशीर वापर करून पाहिला आणि आपले निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष त्या लेखाने सर्पगंधेकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार लाभला.

पुढची पायरी अमेरिकेत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी गाठली. ज्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता अशा १४३ निवृत्त सैनिकांपैकी निम्म्यांना त्यांनी तीन औषधे एकत्र दिली. त्यांतले एक सर्पगंधेतून आलेले रिसर्पिन होते. उरलेल्यांना दिसायला तशाच, पण निर्गुण गोळ्या दिल्या. १९६७ मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांमध्ये २७ जणांना गंभीर आघात झाले होते, तर खरी औषधे घेणाऱ्यांमध्ये केवळ दोघांना. वारे अडवता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

मधुमेहाची कथा थोडी आधीची आहे. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे एका मरणोन्मुख मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले आणि तोवर मुलांच्या बाबतीत मृत्युदंडच ठरलेला हा आजार सांभाळण्याजोगा झाला. परंतु सांभाळणार कोण? बॉस्टनच्या डॉ. एलियट जोस्लिन यांना लवकरच कळून चुकले की मधुमेही माणसाचे भवितव्य दवाखान्यात घालविलेल्या अर्ध्या तासावर अवलंबून नसते. ते घरच्या स्वयंपाकघरात, ताटात आणि पायातल्या जोड्यात ठरते. म्हणून त्यांनी परिचारिकांना खास शिक्षण दिले आणि रुग्णांच्या घरी पाठविले. आज आपण ज्या आरोग्यसेविकेविषयी बोलतो, तिची ही एक दूरची पूर्वज म्हणावी लागेल.

रक्तदाबाच्या बाबतीतही अमेरिकेला हाच धडा १९७९ मध्ये मिळाला. त्या देशातील १४ ठिकाणच्या १०,९४० रक्तदाबाच्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीप्रमाणे आपापल्या डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. दुसऱ्या गटाला खास केंद्रांतून पायरीपायरीने औषध दिले, ते फुकट दिले, आणि मुख्य म्हणजे ही माणसे परत येतात की नाही याचा सतत पाठपुरावा केला. पाच वर्षांच्या अखेरीस दुसऱ्या गटात मृत्यूंचे प्रमाण १७ टक्क्यांनी कमी भरले. औषधे दोन्ही गटांना उपलब्ध होती. एका गटाला मात्र मागे लागणारी माणसेही मिळाली होती.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. त्याच दशकात आपल्याकडे दारोदार जाणाऱ्या माणसाचा शोध वेगळ्याच वाटेने लागत होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात जाऊन राहिले. प्रथम त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत ठेवून पाहिले. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या त्या तरुण मुलींना गावाने आपले मानले नाही, आणि तो प्रयत्न फसला. मग आरोळे दांपत्याने गावातल्याच बायका निवडायला सांगितल्या. त्यांतील कित्येक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या जामखेडला येत, शिकत आणि शिकलेले गावात नेत. १९७१ मध्ये या गावांतील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी १७६ होते. पंचवीस वर्षांत ते तिशीच्याही खाली आले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीच्या वर्षी, सप्टेंबर १९७८ मध्ये, अल्मा-आटा येथे भरलेल्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला, आणि गावातील साध्या माणसाला आरोग्यसेवेचा पाया मानण्याचा विचार जगभर पोहोचला.

भारत सरकारनेही २ ऑक्टोबर १९७७ रोजी हजार लोकवस्तीमागे एक आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली होती. मानधन महिना ५० रुपये होते. निवडले गेले ते बहुतांशी पुरुष. पुढे ती योजना क्षीण होत गेली. जामखेडच्या बायका मात्र टिकल्या. त्यांना घराच्या आत, चुलीपर्यंत प्रवेश होता, हे त्याचे एक मोठे कारण असावे असे आम्हांला वाटते.

मात्र त्या काळच्या सेविकेचे काम प्रामुख्याने बाळंतपणाचे, जुलाबाचे, तापाचे, लसीचे आणि कुष्ठरोगाचे होते. जुलाब दिसतात, ताप हाताला लागतो, बाळंतपणाच्या कळा सारे घर ऐकते. रक्तदाब दिसत नाही, दुखत नाही, ओरडत नाही. साखरेचेही सुरुवातीला तसेच. जो रोग स्वतः बोलत नाही, त्याच्यासाठी सेविकेनेच बोलावे लागते. आणि तेही एकदा नव्हे, वर्षानुवर्षे. पुढे जामखेडच्या सेविकांनी रक्तदाब मोजण्याचे कामही शिकून घेतले.

हे काम साध्या माणसांकडून किती उत्तम होऊ शकते, हे चेन्नईचे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांनी दाखवून दिले. मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण त्यांच्याकडे अखेरच्या टप्प्यावर येत. यंत्रावर रक्त शुद्ध करून घेणे किंवा मूत्रपिंडाचे रोपण करणे गरिबांच्या आवाक्यापलीकडचे. म्हणून त्यांनी उलट दिशेने चालायचे ठरविले. चेन्नईजवळच्या सुमारे २५,००० वस्तीच्या खेड्यांत त्यांनी शाळा शिकलेल्या स्थानिक मुलींना दोन गोष्टी शिकविल्या: घरोघर जाऊन लघवी तपासणे आणि रक्तदाब मोजणे. ज्यांच्यात दोष आढळला, त्यांना डॉक्टरांनी बाजारातील सर्वांत स्वस्त औषधे दिली. रक्तदाबासाठी निवडलेल्या औषधांत रिसर्पिन होतेच! डॉ. वकिलांनी मुंबईत पारखलेल्या मुळीतले ते द्रव्य अर्ध्या शतकाने एका खेडवळ मुलीच्या पाठपुराव्यासह गरिबाच्या घरी पोहोचले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार रक्तदाबाच्या ९६ टक्के रुग्णांचा दाब १४०/९० च्या खाली आला होता, आणि निम्म्याहून अधिक मधुमेहींची साखर उत्तम आटोक्यात होती. खर्च आला तो वस्तीतील दर माणशी वर्षाला अमेरिकन डॉलरच्या जेमतेम एक चतुर्थांश. एवढे यश मोठमोठ्या शहरांतील रुग्णालयांनाही सहजी लाभत नाही.

इकडे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकविले. १९९९ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे जगाने पाहिले. बाळे वाचली, पण त्यांच्या आजी-आजोबांचे काय? याच संस्थेने पुढे जिल्ह्यातील ८६ गावांतील मृत्यूंची कारणे घरोघर जाऊन नोंदली. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: या दुर्गम, गरीब खेड्यांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात होते. दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू त्याचा. त्यांतले बहुतेक घरीच मरण पावले होते. रक्तदाब हा शहरातील सुखवस्तू माणसांचा आजार, ही आपली समजूत त्या आकड्यांपुढे टिकत नाही. अंगावरून जाणारे वारे गरिबाची झोपडी आधी शोधते.

साखरेच्या बाबतीत तर आपल्या लोकांनी अधिकच सावध व्हावयास हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे, आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना वाढलेला रक्तदाब. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आढळले ते गोव्यात: २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. गोव्याशी आपल्यापैकी कित्येकांचे नाते सोयरिकीचे आहे. तेथील घराघरांत जे घडते, ते आपल्या उंबरठ्यावरही यायला वेळ लागत नाही.

सरकारने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले आणि सुमारे हजार वस्तीमागे एक ‘आशा’ नेमली. तिचेही मूळ काम बाळंतपण व लसीकरण हेच होते. पुढे तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती भरून घेण्याचा एक तक्ता तिच्या हाती आला: वय, तंबाखू-दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला हे आजार आहेत काय. जोखीम दिसली, की त्या माणसाला तपासणीसाठी उपकेंद्रात आणायचे, आणि आजार निघाला तर औषध चालू आहे की नाही ते पाहत राहायचे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने या साखळीला शिस्त आणली. महाराष्ट्र हे त्याच्या पहिल्या पाच राज्यांपैकी एक होते. सर्वांसाठी एकच सोपी, पायरीची औषधयोजना. गोळ्यांचा अखंड पुरवठा. डॉक्टर, परिचारिका व सेविका यांनी वाटून घेतलेले काम. घराजवळ मिळणारे औषध. आणि कोण आला नाही याची नोंद, असे हे पाच खांब. नीट पाहिले तर यांतला पाचवा खांब बाबांच्या आयुष्यात नव्हता.

परदेशांतील अनुभवही याला दुजोरा देतो. पाकिस्तान, बांगलादेश व श्रीलंका या तीन देशांतील ३० ग्रामीण वस्त्यांमध्ये २,६४५ रक्तदाबग्रस्तांवर दोन वर्षे एक प्रयोग झाला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत सरकारी आरोग्यसेविका घरी जाऊन दाब मोजत आणि घरच्या माणसांना समजावीत. २०२० मध्ये निष्कर्ष आला: त्या वस्त्यांतील वरचा दाब इतरांपेक्षा सरासरी ५ मिलिमीटरने अधिक उतरला होता. कोलंबिया व मलेशियातील दुसऱ्या एका प्रयोगात सेविकेच्या जोडीला रुग्णाचा एक नातलग वा मित्र मदतनीस म्हणून घेतला आणि औषधे फुकट दिली. २०१९ च्या अहवालानुसार तेथे वर्षभरात ६९ टक्के रुग्णांचा दाब आटोक्यात आला. जेथे हे केले नाही तेथे ३० टक्क्यांचा. शेजारच्या देशांतील गरीब खेड्यांत जे साधले, ते आपल्याला अशक्य का असावे?

येथे एक कडू गोष्टही नमूद केली पाहिजे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. त्याच आशा आपल्या राज्यात मानधनवाढीसाठी संप करीत आल्या आहेत. २०२४ च्या आरंभी मुंबईच्या आझाद मैदानावर त्या उन्हातान्हात बसल्या होत्या. वर सांगितलेला तक्ता भरण्यासाठी तिला ठरवून दिलेला मोबदला होता दर माणशी १० रुपये. ती कर्मचारी मानली जात नाही, ‘स्वयंसेविका’ मानली जाते. एका बाजूने तिच्यावर बाळंतपण, लस, क्षयरोग, रक्तदाब, साखर अशी ओझ्यावर ओझी लादायची आणि दुसऱ्या बाजूने तिच्या कष्टाला सेवाभावाचे नाव देऊन स्वस्तात सोडवायचे, हा न्याय नव्हे. शिवाय उपकेंद्रात गोळ्याच नसतील, तर तिने दार ठोठावून करायचे काय? रिकाम्या हाताने दोनदा परतलेला रुग्ण तिसऱ्यांदा जात नाही. सेविका ही डॉक्टरची व औषधाची जागा घेऊ शकत नाही. त्या दोहोंना ती घरापर्यंत आणते, एवढेच.

मग आपण, धर्मग्रामातील कुटुंबांनी, काय करावे? प्रथम म्हणजे दारात आलेल्या आशाताईला ‘आम्हांला काही झालेले नाही’ असे सांगून वाटेला लावू नये. काही झालेले नसते, तेव्हाच तर तिचे काम असते. दाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, मोजताना बोलू नये, पट्टा बांधलेला दंड हृदयाच्या पातळीला ठेवावा. गोळ्यांची पट्टी तिला दाखवावी. उरलेल्या गोळ्या ती मोजते, ते आपल्यावर अविश्वास म्हणून नव्हे. ‘बरे वाटते’ म्हणून गोळी कोणी परस्पर बंद करू नये. बरे वाटते ते त्या गोळीमुळे. आपल्या ताटातील सुका बोंबील, सुकट, खारवलेली मासळी, लोणचे व पापड यांत मीठ किती जाते, याचा एकदा घरच्या बाईसह सर्वांनी विचार करावा. मधुमेही माणसाने रोज रात्री आपले तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर नातवंडाने पाहावेत, कारण बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही. औषधे घेणाऱ्या मधुमेह्याला एकाएकी घाम सुटून थरथर होऊ लागली, तर तत्काळ साखर द्यावी आणि मग डॉक्टर गाठावा.

आणि एवढ्यावर थांबू नये. उपकेंद्रात गोळ्या नसतील तर ग्रामसभेत तो प्रश्न उभा करणे हे आशाताईचे एकटीचे काम नाही. तिला तिच्या श्रमाचे दाम मिळावे म्हणून आपणही बोलले पाहिजे. कारण ती आपल्याच वाडीतील कोणाची तरी सून आहे, लेक आहे.

बाबा आता नाहीत. त्यांच्या ओटीवरची ती खाट मात्र घरच्यांनी अजून ठेवली आहे. त्यांच्या धाकट्या सुनेचाही दाब आता वाढलेला असतो. गेल्या खेपेस आम्ही त्या घरी गेलो होतो, तेव्हा आशाताई त्याच खाटेवर बसून गोळ्यांची पट्टी उजेडात धरून पाहत होती. ‘वहिनी, यात दोन गोळ्या जास्त उरल्यात. कोणत्या दिवशी चुकल्या?’ तिने विचारले. वहिनी ओशाळून हसल्या आणि आठवू लागल्या.